सूचीत हरवलेली आपली पुस्तके

विल्यम मार्सडेन हे इंग्रज पंडित तरुणपणी सुमात्रा बेटावर ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होते. पुढे लंडनला परतल्यावर त्यांनी पौर्वात्य ग्रंथांचा मोठा संग्रह जमविला, १८२७ साली त्याची छापील सूची काढली आणि १८३५ साली तो सारा संग्रह किंग्ज कॉलेजच्या स्वाधीन केला. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तो तेथून स्कूल ऑफ ओरिएंटल स्टडीज या नव्या संस्थेकडे आला. या संग्रहात देवनागरी लिपीत लिहिलेली दोन मराठी हस्तलिखिते होती. एकाचे नाव ‘आदिपुराण’, दुसऱ्याचे ‘देवपुराण’. १९२३ च्या सुमारास महाराष्ट्रातील संतकवींचे अभ्यासक जस्टिन ॲबट यांनी ती उघडून वाचली, तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की हे कोणत्याही हिंदू पुराणाचे बाड नसून फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण आहे.

म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षे हा ठेवा जगातील एका मोठ्या शहरात, ग्रंथालयाच्या कपाटात सुरक्षित होता. तो हरवलेला नव्हता, जळालेला नव्हता. ख्रिस्तपुराण शोधणाऱ्याला तो त्या नावाखाली मिळत नव्हता, एवढेच. मराठीचे अंतरंग जाणणारा वाचक त्या कपाटापाशी पोहोचेपर्यंत ख्रिस्तपुराणाची देवनागरी प्रत अभ्यासकांच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हती.

ग्रंथसूचीतील शोध हा विषय वरकरणी ग्रंथपालांचा वाटतो. आपण मुंबईच्या उपनगरांतील कॅथलिक कुटुंबे त्यात कशाला लक्ष घालावे, असे कोणी विचारील. परंतु ज्या समाजाची नावे, गावे आणि पुस्तके गेल्या साडेचारशे वर्षांत पोर्तुगीज, लॅटिन, इंग्रजी, कोकणी आणि मराठी अशा पाच भाषांतून लिहिली गेली, त्या समाजाला या विषयाशी जितके कर्तव्य आहे तितके क्वचितच दुसऱ्या कोणाला असेल.

फादर स्टीफन्स यांच्या नावापासूनच पाहू. १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात बुश्टन या गावी त्यांचा जन्म झाला. १५७९ च्या ऑक्टोबरात ते गोव्यास उतरले आणि १६१९ साली तेथेच वारले. इंग्रजीत ते स्टीफन्स किंवा स्टीव्हन्स. लॅटिन कागदपत्रांत स्टेफानुस. पोर्तुगिजांच्या तोंडी पाद्री एस्तेवांव. त्यातच येशूसंघाच्या काही जुन्या चरित्रकोशांनी त्यांच्या जन्मगावालाच आडनाव मानून त्यांना बुस्टेन किंवा बुब्स्टन केले. मराठीत स्टीफन, स्टीफन्स, स्टिफन्स ही रूपे चालतात. एकाच माणसाची पुस्तके अशी बाराखडीत चार ठिकाणी विखुरली, तर त्यांचे संपूर्ण कार्य एका नजरेत कोणाला दिसणार?

उलट दिशेची अडचणही आहे. ‘एस्तेवांव’ या नावाने शोध घेणाऱ्याच्या हाती आणखी एक येशूसंघीय लागतात. फ्रान्समधून आलेले फादर एतिएन द ला क्र्वा यांनी १६२९ साली संत पीटरवर मराठी पुराण रचून छापविले. त्यांच्या नावाचे पोर्तुगीज रूप एस्तेवांव द क्रूझ. एकाचे आडनाव ते दुसऱ्याचे पाळण्यातले नाव. दोघे गोव्याचे, दोघे एकाच संघाचे, दोघेही मराठी पुराणकार. यांची गल्लत झाली नसती तरच नवल.

स्थळाचेही तसेच. ख्रिस्तपुराण १६१६ साली जेथे छापले गेले त्या गावाला मराठी लेखक रायतूर म्हणतात, पोर्तुगीज वळणाने ते राशोल, आणि इंग्रजी लिखाणात राचोलही वाचायला मिळते. भाषेचे नाव तर त्याहून फसवे. फादर स्टीफन्स यांचे व्याकरण १६४० साली, त्यांच्या मृत्यूनंतर, रायतूरला प्रसिद्ध झाले. त्याच्या शीर्षकात भाषेला ‘कानारी’ म्हटले आहे. हे व्याकरण आहे कोकणीचे. पण शीर्षकापलीकडे न पाहणाऱ्या सूचीकाराने ते कन्नड भाषेच्या खणात टाकले, तर त्याला दोष किती द्यायचा?

नावांच्या या गोंधळावर ग्रंथपालांनी शोधून काढलेला उपाय फार साधा आहे. ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथपाल आंतोनियो पानित्सी यांनी १८४१ साली सूचीलेखनाचे ९१ नियम छापले, आणि १८७६ साली अमेरिकेत चार्ल्स कटर यांनी त्याहून सुटसुटीत नियमावली सिद्ध केली. कटर यांचे म्हणणे असे, की वाचकाला लेखक, शीर्षक किंवा विषय यांपैकी एक जरी ठाऊक असेल तरी त्याला पुस्तक मिळाले पाहिजे. आणि एका लेखकाची ग्रंथालयातील सारी पुस्तके त्याला एकत्र दिसली पाहिजेत. यासाठी लेखकाचे एक रूप मुख्य ठरवायचे आणि बाकीच्या प्रत्येक रूपाचे एक वेगळे कार्ड करायचे. त्यावर पुस्तकाचा तपशील नसतो, फक्त दिशा असते: ‘एस्तेवांव, पाद्री: स्टीफन्स, थॉमस पाहा.’ ग्रंथालयाच्या लाकडी खणांतील कार्डे ज्यांनी बोटांनी चाळली आहेत त्यांना हा ‘पाहा’ आठवत असेल. वाचकाच्या अज्ञानाची लाज न काढता त्याला योग्य दाराशी नेऊन सोडणारा एवढा नम्र शब्द शास्त्रीय ग्रंथांत दुसरा नाही, असे मला वाटते.

मराठी पुस्तकांच्या वाट्याला हा ‘पाहा’ उशिरा आला. १८६७ च्या कायद्याने छापील पुस्तकांची नोंदणी सक्तीची झाली आणि मुंबई इलाख्यात दर तिमाहीस सरकारी याद्या निघू लागल्या. १८९२ साली जेम्स ब्लुमहार्ट यांनी ब्रिटिश म्युझियममधील मराठी व गुजराती पुस्तकांची सूची केली. ती उपयुक्त आहे, मात्र तीत मराठी नावे रोमन लिपीत उतरली आणि लेखक आडनावाऐवजी पाळण्यातल्या नावाने लावले गेले. मराठी माणसाने आपलेच पुस्तक परक्याच्या उच्चारातून ओळखायचे, असा तो मामला.

हे चित्र बदलले ते पुण्याच्या शंकर गणेश दाते यांनी. १८०० ते १९३७ या काळातील मराठी पुस्तकांची सूची त्यांनी १९४४ साली स्वतःच प्रसिद्ध केली. १९३८ ते १९५० या वर्षांचा दुसरा भाग १९६१ साली आला. दोन्ही मिळून नोंदी २६ हजारांहून अधिक भरतात. संगणक नाही, झेरॉक्स नाही, पाठीशी मोठे विद्यापीठ नाही. ग्रंथालयांतून हिंडायचे, पुस्तक हाती घेऊन पाहायचे आणि नोंद करायची, असा तो उद्योग. आज कोणी मराठी पुस्तकांचा इतिहास लिहायला बसला की पहिल्यांदा ‘दाते सूची’ मागतो. त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह जुळविलेली १८०० ते १९५० या काळातील मराठी नियतकालिकांची सूची मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने १९६९ साली छापली. ती पाहायला दाते नव्हते. १९६४ साली त्यांचे निधन झाले होते.

मात्र प्रत्येक सूचीला कुंपण असते आणि कुंपणाबाहेर कोण राहिले हेही पाहावे लागते. दाते यांनी १८०० हे वर्ष आरंभ म्हणून घेतले, ते योग्यच होते; मराठी मुद्रणाचा चालू प्रवाह १८०५ साली श्रीरामपूरला छापलेल्या विल्यम कॅरी यांच्या व्याकरणापासून धरला जातो. पण त्यामुळे १६१६ चे ख्रिस्तपुराण, १६२९ चे पीटरपुराण आणि रायतूरच्या छापखान्यातून निघालेली भावंडे आपसूकच बाहेर राहिली. दोनशे वर्षे आधी छापलेले मराठी ग्रंथ मराठीच्या सर्वांत मोठ्या सूचीच्या उंबरठ्यावर उभे. त्यांची दखल घेण्याचे काम पुढे अनंत काकबा प्रियोळकरांसारख्या संशोधकांनी केले. त्यांचा भारतातील मुद्रणकलेवरचा इंग्रजी ग्रंथ १९५८ साली प्रसिद्ध झाला आणि गोव्याच्या मुद्रणाची कहाणी पुन्हा चर्चेत आली.

स्वातंत्र्यानंतर कलकत्त्याहून राष्ट्रीय ग्रंथसूची निघू लागली. तिची सुरुवात १९५७-५८ ची. सर्व भारतीय भाषांतील पुस्तके एका क्रमात यावीत म्हणून तीत रोमन लिपी स्वीकारली गेली. निर्णयामागची अडचण समजते, पण त्यामुळे ‘क्रिस्त’, ‘ख्रिस्त’ आणि ‘ख्रिस्ती’ यांच्या स्पेलिंगांचा नवा खेळ सुरू झाला. असो.

संगणक आला तो या सगळ्याचा वारसा घेऊनच. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट ॲव्हरम यांच्या नेतृत्वाखाली १९६६ ते १९६८ या काळात पुस्तकाची नोंद यंत्राला वाचता येईल अशा ठरावीक रकान्यांत मांडण्याची पद्धत तयार झाली. मार्क या नावाने ती आजही जगभर वापरात आहे. तीत मुख्य नावाला एक रकाना आहे आणि ‘पाहा’ म्हणणाऱ्या पर्यायी नावांनाही रकाना आहे. म्हणजे सोय झालेली होती. भरणारा माणूस मात्र पाहिजे होता. अनेक ग्रंथालयांत जुन्या कार्डांवरील मजकूर संगणकात घालण्याचे काम झपाट्याने उरकले गेले. पुस्तकांची कार्डे यंत्रात गेली आणि ‘पाहा’ची कार्डे खणात राहिली. संगणकाला लिहिलेले अक्षर कळते, अभिप्रेत माणूस कळत नाही. खणाशी उभा असलेला ग्रंथपाल निदान विचारीत असे, “तुम्हाला गोव्याचे पाद्री एस्तेवांव हवेत का?”

मराठीत ही अडचण आणखी बिकट होते, कारण आपले लेखनच मध्ये बदलले. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १४ नियम शासनाने १९६२ साली स्वीकारले आणि १९७२ साली त्यांत आणखी चारांची भर पडली. त्याआधी ‘नांव’, ‘कांहीं’, ‘येशूचें चरित्र’ असे अनुस्वारांनी सजलेले लेखन होते. आजचा वाचक ‘येशूचे चरित्र’ असे टंकतो आणि यंत्र त्याला सांगते, असे पुस्तक नाही. पुस्तक असते. एक टिंब आड आलेले असते. आपल्या धार्मिक शब्दांना तर याहून जास्त रूपे आहेत: येशू, येसू, जेजू, कॅथलिक, कॅथॉलिक, काथोलिक, मरिया, मारिया, मेरी, सायबीण, मिस्सा, मिसा. आजीच्या प्रार्थनापुस्तकावर यांपैकी कोणते रूप छापले होते हे नातवाने कसे ओळखावे?

आणि काही भेद असे, की ते डोळ्यांना दिसतच नाहीत. युनिकोड ही सर्व लिप्यांसाठीची समान संकेतपद्धती १९९१ साली आली, पण ‘ॲन्थनी’तील पहिले अक्षर स्वतंत्रपणे तीत दाखल झाले २००८ साली. तोवर ‘अ’वर चंद्र चढवून काम भागवीत. आजही दोन्ही प्रकारे टंकले जाते. पडद्यावर दोन्ही एकसारखे दिसते. यंत्राच्या पोटात दोन निराळे शब्द असतात. संत ॲन्थनीची नोव्हेना एका रूपात नोंदलेली आणि भाविक दुसऱ्या रूपात शोधतो आहे, असा लपंडाव कोणत्याही सूचीत घडू शकतो.

१९९० च्या दशकातील आपल्या धर्मग्रामांच्या स्मरणिका व नियतकालिके यांची स्थिती आणखी वेगळी आहे. तेव्हा श्रीलिपी, आकृती, शिवाजी अशा फाँटांतून अक्षरजुळणी होत असे आणि त्यांचे अंतर्गत संकेत आपापले होते. त्या काळच्या फाइली कोणी जपून ठेवल्या असतील तर त्या उघडून पाहाव्यात. योग्य फाँट नसेल तर मराठीच्या जागी रोमन चिन्हांची आरास दिसते, आणि फाँट असला तरी आत शोध चालत नाही. १८८० सालच्या पुस्तकाचे स्कॅन केलेले पान आज यंत्र बऱ्यापैकी वाचू शकते. १९९५ ची आपल्याच हातची फाइल मात्र रूपांतर केल्यावाचून मुकी राहते.

आता जरा आपल्या अंगणात येऊ. बोरिवलीला आय. सी. कॉलनीलगत मंडपेश्वरची लेणी आहेत. १५३४ साली वसई आणि साष्टीचा मुलूख पोर्तुगिजांकडे गेल्यावर फ्रान्सिस्कन धर्मबंधू आंतोनियो द पोर्तो यांनी तेथे ठाण मांडले, लेण्यात ख्रिस्तमंदिर झाले, वर टेकडीवर विद्यालय उभे राहिले. त्याचे अवशेष आजही दिसतात. या एका जागेला पोर्तुगीज कागदपत्रांत माँपेझीर आणि मानापाझेर अशी रूपे आहेत. इंग्रजी अमदानीत माउंट पॉइन्सर झाले, आणि ते ऐकणाऱ्याला शेजारचे पोयसर गाव आठवते. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरात मंडपेश्वर पाहावे लागते. कॉलनीला नाव मिळाले ते निष्कलंक गर्भसंभवाच्या मातेच्या चर्चवरून. ज्याला यांपैकी एकच नाव ठाऊक आहे, त्याला बोरिवलीच्या ख्रिस्ती इतिहासाचा एक पंचमांशही हाती लागत नाही.

अंधेरीकडे वळावे तर सीप्झच्या आवारात संत योहान बाप्तिस्ता यांच्या नावाचे, १५७९ साली बांधलेले चर्च भग्नावस्थेत उभे आहे. ज्या गावाचे ते चर्च, ते कोंदिवटे. कोणी लिहितात कोंडिविटे. पोर्तुगीज वळणाने कोंदिता. जवळच्या बौद्ध लेण्यांना कोंदिवटे म्हणावे की महाकाली, यावरही एकमत नाही. आणि ‘साष्टी’ हा शब्द तर दोन मुलुखांचा. एक आपली, ठाण्यापासून वांद्र्यापर्यंतची. दुसरी गोव्यातील, जेथे फादर स्टीफन्स यांनी सेवा केली. रोमन लिपीत दोघींची स्पेलिंगे थोडी निराळी असली तरी मराठीत ती सोयही उरत नाही. ‘साष्टीतील चर्च’ असे शोधले तर मडगाव आणि मालाड एकाच ओळीत येऊन बसतात.

समाजाच्या नावाचे काय? आपल्यातील मूळ रहिवाशांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी. त्यापूर्वी याच लोकांची नोंद ‘पोर्तुगीज ख्रिस्ती’ किंवा ‘नेटिव्ह ख्रिस्ती’ म्हणून होत असे. म्हणजे १८८७ च्या आधीचा आपला इतिहास ‘ईस्ट इंडियन’ या शब्दाखाली मिळायचा नाही. याहून मौजेची गोष्ट अशी, की १८३० च्या सुमारास कलकत्त्याचे युरेशियन लोक स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवीत असत; त्यांचे प्रतिनिधी जॉन रिकेट्स त्यांचा अर्ज घेऊन लंडनला पार्लमेंटपुढे गेले होते. तेव्हा जुन्या ग्रंथांत हा शब्द मिळाला की हर्ष होण्याआधी वर्ष पाहावे. वांद्रे-गोराईच्या पूर्वजांशी त्या ईस्ट इंडियनांचा काही संबंध नाही.

आडनावांसाठी यंत्राला काही युक्त्या शिकविल्या गेल्या आहेत. अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांनी १९१८ साली उच्चारसाम्यावर आधारलेल्या सूचीचे पेटंट घेतले. साउंडेक्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत नावाचे पहिले अक्षर कायम ठेवून पुढच्या व्यंजनांना अंक देतात, म्हणजे सारख्या उच्चाराची नावे एका गटात पडतात. तेथील जनगणनेच्या कागदांसाठी तिचा फार उपयोग झाला. आपल्याकडे मात्र ती पहिल्याच पायरीवर अडखळते. डिसोझा, डिसूझा, दे सोझा यांना ती जवळ आणील. पण नुसते ‘सोझा’ लिहिणारा सख्खा चुलतभाऊ दुसऱ्या खणात जाईल, कारण पहिले अक्षरच वेगळे. चौल आणि वसईच्या प्राचीन अवशेषांवर १८७६ साली ग्रंथ लिहिणारे डॉ. जोझे गेर्सन द कुन्हा पोर्तुगीज रिवाजाप्रमाणे ‘क’मध्ये लागतात, आपल्या शेजारचे डिकुन्हा कुटुंब ‘ड’मध्ये शोधते.

मग सारी रूपे एकसारखी मानून टाकावीत, अनुस्वार गाळावेत, ऱ्हस्व-दीर्घ विसरावेत, ख आणि क एक करावेत, असा सल्ला काही जण देतात. अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घापुरता तो मान्य करण्यास हरकत नाही. त्यापुढे जपून जावे. इंग्लंडमधील क्रॅनफील्ड येथे सिरिल क्लेव्हरडन यांनी १९६० च्या दशकात केलेल्या प्रयोगांनी दाखवून दिले, की जाळे जितके रुंद टाकावे तितकी नको असलेली मासळीही वाढते. उच्चाराच्या साम्यावरून यंत्र फार तर ‘स्टीफन’ आणि ‘स्टिफन्स’ जोडील. ‘बुस्टेन’ म्हणजे स्टीफन्स, ‘माँपेझीर’ म्हणजे मंडपेश्वर, ‘आदिपुराण’ म्हणजे ख्रिस्तपुराणाचा पूर्वार्ध, हे उच्चारातून निघत नाही. ते कोणीतरी जाणून, तपासून लिहून ठेवावे लागते. म्हणूनच जगातील मोठी राष्ट्रीय ग्रंथालये २००३ पासून लेखकनामांच्या आपापल्या नोंदी एकमेकींशी जोडीत आहेत.

आपल्या परिसरात हे काम अशक्य नाही. न्यूझीलंडमध्ये २००० साली सुरू झालेली कोहा ही विनामूल्य ग्रंथालयप्रणाली भारतातील अनेक ग्रंथालये वापरतात, आणि तीत पर्यायी नावांची सोय तयारच आहे. भरावयाची माहिती मात्र कोणत्याही परदेशी कंपनीकडे मिळणार नाही. ती गोराईच्या, मरोळच्या, कोंदिवट्याच्या वृद्धांच्या तोंडी आहे. तशीच ती नगर जिल्ह्यातून घाटकोपर-मुलुंडकडे पोटापाण्यासाठी आलेल्या कुटुंबांत आहे, ज्यांच्या आजोबांनी ‘निरोप्या’ वाचला. १९०३ साली फादर हेन्री डोरिंग यांनी हे मासिक ज्या केंदळला सुरू केले, त्याचा जिल्हा तेव्हा अहमदनगर होता, २०२४ पासून अहिल्यानगर आहे. पुढचा अभ्यासक कोणत्या नावाने शोधणार? फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली ज्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले ते शहर आज धाराशिव आहे, आणि त्यांचे आडनाव दिब्रिटो व डिब्रिटो असे दोन्ही प्रकारे लिहिलेले आढळते. २०२४ च्या जुलैमध्ये ते निवर्तले. त्यांच्या पुस्तकांची एकत्र नोंद आत्ताच नीट करून ठेवणे सोपे आहे. शंभर वर्षांनी ते संशोधन होईल.

ज्या धर्मग्रामात लहानसे वाचनालय आहे तेथे एका वहीत सुरुवात व्हावी. डाव्या बाजूस आजचे नाव, उजवीकडे जुनी सारी रूपे, आणि प्रत्येक रूप कोणत्या पुस्तकात वा दगडावर, कोणत्या वर्षी आढळले याची नोंद. कुटुंबांच्या खाजगी गोष्टींत शिरण्याचे कारण नाही; गावे, वाड्या, चर्च, सण, प्रार्थनापुस्तके आणि छापील लेखक एवढे पुरे.

ख्रिस्तपुराणाच्या बाबतीत शोध अजून संपलेला नाही. १९०७ साली मंगळूरला जोसेफ साल्ढाणा यांनी हस्तलिखितांवरून ते रोमन लिपीत छापले, १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी ते देवनागरीत आणले आणि त्यानंतरही नव्या आवृत्त्या निघाल्या. परंतु १६१६, १६४९ आणि १६५४ या तीन मूळ छापील आवृत्त्यांपैकी एकीचीही प्रत अद्याप उजेडात आलेली नाही. युरोपातील एखाद्या मठाच्या किंवा राजवाड्याच्या संग्रहात ती असलीच, तर तेथील सूचीत ‘पुराण’ हा शब्द असण्याचा संभव थोडा. पोर्तुगीज ‘दिस्कुर्सो’, म्हणजे प्रवचन, हा शब्द. पाद्री एस्तेवांव, स्टेफानुस किंवा बुस्टेन ही नावे. आणि भाषेच्या रकान्यात ‘ब्रामण’ किंवा ‘कानारी’: यांखाली पाहावे लागेल.